टॉवरमधले एका खोलीचे घर : वाचकांचे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या टॉवरमधले स्टुडिओ फ्लॅट घेणाऱ्या किंवा नव्याने करून घेणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न. बाथरूमच्या गळतीला जागा जास्त दिली आहे, कारण तिथली चूक निस्तरताना खालच्या घराचे छतही उघडावे लागते.

प्रश्न : पवईत एका टॉवरच्या २२व्या मजल्यावरचा स्टुडिओ पाहिला. नुकताच नव्याने केलेला आहे. मालक म्हणतात, फक्त बॅग घेऊन राहायला या. टोकन देण्याआधी काय तपासावे?

आधी त्या घरात नव्हे, त्याच्या खालच्या घरात जा. २१व्या मजल्यावरच्या बाथरूमचे छत आणि त्याला लागून असलेली भिंत पाहा. पिवळट कडा असलेले डाग, फुगलेला रंग, पांढरी क्षाराची पूड यांपैकी काहीही दिसले तर वरचे बाथरूम गळते आहे, मग टाइल्स कितीही नव्या असोत. शेजाऱ्यांना विचारायला संकोच करू नका. घर घेतल्यावर तक्रार घेऊन ते तुमच्याच दारात येणार आहेत.

मग घरात या. सिंकखालच्या कपाटाचा तळ हाताने चाचपा. प्लाय फुगलेला किंवा कडेची पट्टी सुटलेली असेल तर पाणी झिरपते आहे. बाथरूमच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग दाबून पाहा. फरशीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज येणाऱ्या टाइल्स चार-दोनपेक्षा जास्त असतील तर त्या मसाल्याचे ठिपके टाकून बसवल्या आहेत, पूर्ण पसरून नाही. फॉल्स सीलिंगला उघडणारे झाकण आहे का ते पाहा. बऱ्याच नव्या टॉवरमध्ये वरच्या घराच्या सांडपाण्याच्या पाइपा तुमच्या बाथरूमच्या छताखाली लटकतात. तिथे सलग पीओपी मारले असेल तर एक जोड गळला तरी सगळे छत फोडावे लागते.

बाल्कनी खोलीत घेतली आहे का, हा प्रश्न सरळ विचारा. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, व्याख्येत कार्पेट क्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट (पाइपांचा उभा बोळ) आणि बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनी मिसळून 'मोठी खोली' सांगितली जात असेल तर ते क्षेत्र कागदावर तुमचे नाही आणि बांधकाम विनापरवाना असू शकते. स्वतः टेप लावा आणि करारनाम्यातल्या आकड्याशी ताडा.

कागदांत भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि नूतनीकरणाला सोसायटीने दिलेली लेखी परवानगी हवी. हे शेवटचे पत्र बहुतेक जण मागत नाहीत. ते नसेल तर आधीच्या मालकाने हलवलेल्या भिंतीची किंवा नळाची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारीही घेणाऱ्याचीच असते.

प्रश्न : आमच्या बाथरूममधून खालच्या घरात गळते. प्लंबर म्हणतो, आहे त्या टाइल्सवर नव्या टाइल्स लावून टाकू, दोन दिवसांत काम होईल. हे चालेल का? बाथरूम साधारण ४ बाय ७ फुटांचे आहे. (ठाणे)

नाही. टाइलवर टाइल हा रूप बदलण्याचा उपाय आहे, गळतीचा नाही. पाणी टाइलच्या सांध्यातून आत गेलेले असते, पण बाहेर पडते ते स्लॅबमधून पाइप जातो त्या भोकाभोवती. वर दुसरी टाइल लावून ते भोक बंद होत नाही. काही महिने डाग सुकल्यासारखा वाटतो, मग परत येतो.

फोडण्याआधी पाणी कुठले ते शोधा. खाली अहोरात्र थेंब पडत असतील तर दाबाखालची नळाची लाइन फुटली आहे. अंघोळीनंतर तासा-दोन तासांनी गळत असेल तर नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचे, पाणी धरून ठेवणारे वळण) किंवा जमीन. फक्त पावसाळ्यात गळत असेल तर बाहेरची भिंत, आणि मग ते काम सोसायटीचे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-सिंकची सभासदाने. शंका उरली तर नहाणीत रंगीत पाणी सोडा आणि खालच्यांना लक्ष ठेवायला सांगा. नळाची लाइन तपासायला सगळे नळ बंद करून ती हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर ठेवा. दोन तासांत काटा उतरला तर लाइन गळते.

जमिनीची गळती निघाली तर भराव काढून मूळ स्लॅबपर्यंत जावे लागेल. बाथरूमखालचा स्लॅबचा खोलगट भाग फूटभर खोल असेल तर निघणारा राडारोडा पाऊण घनमीटर, म्हणजे बाराशे किलोच्या आसपास भरेल. २५-३० किलोच्या ४० ते ४५ गोण्या झाल्या. त्या मालाच्या लिफ्टने, सोसायटीने ठरवलेल्या वेळेतच उतरवा. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, ती आधी नोंदवा. गोण्या रेफ्युज मजल्यावर (आगीच्या वेळी आसऱ्याला राखलेल्या) किंवा जिन्यात एक रात्रही ठेवू देऊ नका. आग लागली तर लोक तिथेच थांबणार आणि तिथूनच जाणार असतात.

पुढचा क्रम असा. स्लॅब घासून धुवा. पाइपांभोवतीची भोके खरवडून तिथे न आकसणारा ग्राउट (भोके भरायचा पातळ मसाला) भरा. साधे सिमेंट सुकताना आकसते आणि केसाएवढी फट राहते. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूची गोलाई द्या, त्यावर फायबरची जाळी. मग पॉलिमरयुक्त सिमेंटचे लेपन, दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. जमीन, चारही भिंतींवर फूटभर, आणि शॉवरच्या कोपऱ्यात ६ फुटांपर्यंत. तुमच्या मापाला हे क्षेत्र सुमारे ९ चौरस मीटर होते. दोन हातांना मिळून चौरस मीटरला दीड ते दोन किलो माल लागतो, म्हणजे १४ ते १८ किलो. ठेकेदाराने पाच किलोचा डबा आणला असेल तर काम तिथेच थांबवा.

लेप दोन-तीन दिवस सुकू द्या. मग नहाणीला बूच लावून दोन इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि ४८ तास थांबा. दोन-चार मिलिमीटर उतरणे बाष्पीभवनाचे. त्याहून जास्त उतरले किंवा खाली ओल दिसली तर पुढे जाऊ नका. ही चाचणी खालच्या शेजाऱ्यांना साक्षी ठेवून करा आणि तारखेसह फोटो काढा. भराव करून उतार दिल्यावर वरून पुन्हा लेप आणि पुन्हा पाणी. दोनदा कशाला, असे कारागीर म्हणेल. पहिली चाचणी स्लॅबची असते, दुसरी भराव करताना पडलेल्या जखमांची. भरावाला विटांच्या तुकड्यांऐवजी हलके एएसी ब्लॉक (सच्छिद्र काँक्रीटचे) वापरा, स्लॅबवरचे वजन निम्म्याहून कमी होते. उतार नहाणीकडे मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर.

स्टुडिओत एक जागा विशेष सांभाळायची : उंबरा. बाथरूमच्या दाराबाहेर लगेच खोलीची जमीन, तीही बहुधा लाकडी दिसणारी लॅमिनेट. उंबऱ्याच्या ग्रॅनाइटखाली लेप नसेल तर पाणी दगडाखालून केशाकर्षणाने बाहेर येते आणि सहा महिन्यांत दारापुढच्या पट्ट्यांच्या कडा उचलतात. लेप उंबऱ्याखालून बाहेरपर्यंत न्या, उंबरा त्यावर बसवा. सांध्यांना इपॉक्सी भरा. हे सगळे धरून बाथरूमला दोन ते अडीच आठवडे लागतात. दोन दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याकडे यातल्या कुठल्याच थांबण्याला जागा नसते.

प्रश्न : नवीन बाथरूम झाल्यापासून कमोडशेजारच्या जेट स्प्रेच्या पाण्याला वास येतो. टाकी धुतली, फरक नाही.

ताबडतोब वापर थांबवा. मोठ्या टॉवरमध्ये पाण्याच्या दोन लाइन असतात. एक घरगुती पाण्याची, दुसरी फक्त फ्लशसाठी, तिच्यात सांडपाणी प्रकल्पातून प्रक्रिया होऊन आलेले पाणी. तुमच्या प्लंबरने कमोडच्या मागे जवळ सापडलेल्या लाइनला जेटही जोडला असणार. खात्री करणे सोपे आहे : शाफ्टमधला फ्लश लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. जेट बंद पडला तर जोडणी चुकीची. जेट, वॉश बेसिन आणि वॉशिंग मशीन तिन्ही घरगुती लाइनवर असलेच पाहिजेत. फ्लश लाइनच्या अँगल कॉकला जाळी बसवा, नाहीतर गाळ साचून भिंतीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह सतत वाहतो.

याच वेळी प्लंबरकडून येणाऱ्या पाण्याचा दाब मोजून घ्या. टॉवरमध्ये ज्या टप्प्याला वरून पाणी येते त्याच्या खालच्या मजल्यांवर तो जास्त असतो. तीन बारच्या आसपास ठीक. पाचच्या वर असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. बेसिनखालच्या लवचीक नळ्या फुटतात त्या रात्री, जेव्हा कुणी पाणी वापरत नसते आणि दाब चढलेला असतो.

प्रश्न : टीव्हीच्या भिंतीत वायर घालायला खाच मारायची आहे. सुपरवायझर अडवतो. आपल्याच घरातली भिंत ना? (पिंपरी)

सुपरवायझर बरोबर आहे. गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले असतात, लोक त्याला मायवान म्हणतात. तिथे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि इमारतीचे वजन पेलणाऱ्या. खाच मारली की सळईवरचे आवरण जाते, सळई गंजते, भूकंपात काम करणारी भिंत दुबळी होते. ओळखायचे असेल तर एक बारीक भोक पाडून पूड पाहा : लाल असेल तर वीट, पांढरी भुसभुशीत असेल तर एएसी ब्लॉक, करडी आणि ड्रिल पुढे सरकत नसेल तर काँक्रीट. आणखी एक, ताब्यापासून पाच वर्षे रेराखाली बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. भिंत तुम्ही फोडली तर तो तुमच्याच खाचेकडे बोट दाखवेल.

वायर भिंतीवरून न्या. टीव्हीमागे दोन-अडीच इंच खोल पॅनेल उभे करा, वायरी त्यामागून. बाकी छताच्या कडेने सहा इंची पट्टीत. एसी किंवा चिमणीसाठी आरपार भोक लागलेच तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र, सळईचे स्कॅनिंग आणि हिऱ्याच्या दातांचे कोअर कटिंग. हातोडा आणि छिन्नी नाही. स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील तर छताला खोल भोकही स्कॅन न करता पाडायचे नाही.

प्रश्न : घर नव्याने केल्यापासून वीज गेली की जनरेटरवर दोन मिनिटांत सगळे बंद पडते, आणि एरवीही अधूनमधून आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो.

दोन वेगळी दुखणी आहेत. जनरेटरवर प्रत्येक घराला ठरावीक भार मिळतो, स्टुडिओला अनेक ठिकाणी एक किलोवॅटच्या आसपास. तुमच्या इलेक्ट्रिशियनने गीझर किंवा एसीचा पॉइंट त्या लाइनवर टाकला असणार. तिथे दिवे, पंखे, वायफाय आणि फ्रिज एवढेच ठेवा. आरसीसीबी पडण्याचे नव्याने केलेल्या घरातले नेहमीचे कारण म्हणजे जनरेटरच्या आणि नेहमीच्या सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असणे. एका बाजूने गेलेला प्रवाह दुसऱ्या न्यूट्रलने परतला की आरसीसीबीला ती गळती वाटते. प्रत्येक गटाचा न्यूट्रल आपापल्या पट्टीवर सोडवून घ्या. तरीही पडत राहिला तर गीझरचे एलिमेंट तपासा. 'सारखा पडतो म्हणून' आरसीसीबी काढून टाकू देऊ नका. ३० मिलिअँपिअरचा तो डबा ओल्या हाताने गीझरला लागलेल्या माणसाचा जीव वाचवतो.

एका खोलीचे घर म्हणून विजेचा भार लहान नसतो. एक टनाचा एसी सुमारे १ किलोवॅट, १५ लिटरचा गीझर २, इंडक्शन २, मायक्रोवेव्ह सव्वा, पाणी तापवणारे वॉशिंग मशीन २, फ्रिज-दिवे अर्धा. बेरीज पावणेनऊ. सगळे एकदम चालत नाही, पण सकाळी सात वाजता ५ किलोवॅट सहज चालते, म्हणजे २२ अँपिअर. बिलावर मंजूर भार किती आहे ते पाहा, कमी असेल तर आधी वाढवून घ्या. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, साध्या पॉवर पॉइंटला अडीच, एसी आणि गीझरला चार, दोघांना स्वतंत्र एमसीबी. ओट्यावर इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह वेगळ्या सर्किटवर. एकाच १६ अँपिअरच्या पॉइंटवर मल्टिप्लग लावून दोन्ही चालवल्याने प्लग वितळतात.

प्रश्न : स्वयंपाक आणि झोपणे एकाच खोलीत. फोडणीचा वास उशीपर्यंत येतो. ओटा बाल्कनीकडे हलवावा का?

हलवू नका. सिंकची दोन इंची पाइप मीटरला अडीच सेंटिमीटर उतरली पाहिजे. तीन मीटर लांब नेली तर साडेसात सेंटिमीटर उतार हवा. तेवढी जमीन उचलावी लागेल किंवा पाइप तुंबेल. पाइपगॅसची लाइनही कंपनीच्या अधिकृत माणसाशिवाय हलवता येत नाही, आणि ती नळी किंवा मीटर बंद कपाटात कोंडायचे नसतात.

चिमणीने बराच फरक पडेल, नळीची असेल तर. कोळशाच्या फिल्टरवर हवा परत खोलीत सोडणारी चिमणी वास थोडा कमी करते. वाफ आणि उष्णता तशीच राहते. ३०० चौरस फूट, ९ फूट उंची, म्हणजे ७६ घनमीटर हवा. तासाला दहा-बारा वेळा बदलायची तर ७६० ते ९१० घनमीटर. वळणांत खेच कमी होते म्हणून १,००० ते १,२०० ची घ्या. नळी सहा इंची, वळणे दोनच. चार इंचाची लावली तर आवाज वाढतो, खेच घटते. नळीचे तोंड पाइपांच्या शाफ्टमध्ये सोडायचे नाही; तिथे तेलाचा थर बसतो आणि आग मजल्यामागून मजले चढते.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. चिमणी हवा बाहेर फेकते, तेवढी आत यायला हवी. खिडक्या घट्ट बंद असतील तर ती हवा बाथरूमच्या नहाणीतून ओढली जाते, आणि ट्रॅपमधले पाणी आटलेले असेल तर गटाराचा वास खोलीभर. फोडणीच्या दोन मिनिटे आधी चिमणी सुरू करा आणि खिडकी तीन बोटे उघडी ठेवा. गॅस पेटलेला असताना तर ती उघडी हवीच, एसी चालू असला तरी.

पूर्ण इंडक्शनवर जावे का? एका खोलीत ते जास्त सुरक्षित आहे. पण भाकरी आणि फुलका आचेवर फुगवणाऱ्यांना ते पचनी पडत नाही. दोन बर्नरचा गॅस आणि शेजारी इंडक्शनचा एक पॉइंट, हा तोडगा आम्हाला पटतो.

प्रश्न : भिंतीत मिटणारा पलंग बसवायचा आहे. भिंत एएसी ब्लॉकची निघाली. पेलेल का?

नुसत्या प्लास्टिकच्या गिट्टीवर नाही. एएसी ठिसूळ असते, ओढ लागली की गिट्टी भोकासकट बाहेर येते. पलंगाचे वजन जमिनीवर उभ्या असलेल्या चौकटीवर घ्या. भिंतीला फक्त तोल धरू द्या, तोही रासायनिक अँकरने, किंवा वरची चौकट शेजारच्या काँक्रीटच्या तुळईला बांधून. गादी आधी ठरवा, मग पलंग उचलून धरणारे गॅसचे दट्टे. सहा इंची फोमच्या गादीवर बसवलेले दट्टे आठ इंची स्प्रिंगच्या गादीला पुरत नाहीत, पलंग धाडकन खाली येतो. मिटल्यावर कपाट १६ ते १८ इंच खोल भरते. उघडल्यावर पायाशी दोन-अडीच फूट वाट उरली पाहिजे, आणि मुख्य दार पूर्ण उघडले पाहिजे.

ऑर्डर देण्याआधी लिफ्ट मोजा. ८ बाय ४ फुटांचा प्लायचा तक्ता अनेक लिफ्टमध्ये तिरपासुद्धा जात नाही. कारखान्यात कापून, भाग सुटे करून आणा. ओट्याचा सलग ग्रॅनाइट २०व्या मजल्यावर जिन्याने चढवायची मजुरी दगडाच्या किमतीशी स्पर्धा करते. दोन तुकड्यांत घ्या, सांधा सिंकच्या मध्यावर ठेवा.

प्रश्न : आमचा स्टुडिओ २८० चौरस फूट, शेजारचा तीन बेडरूमचा. सेवाशुल्क दोघांना सारखेच. हा अन्याय नाही का?

सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल तर नियम तसाच आहे. आदर्श उपविधींत लिफ्ट, सुरक्षा, सफाई, कार्यालय यांचे सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला समान. पण सगळे बिल समान नसते. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, म्हणजे लहान घराला कमी. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. हे तिन्ही समान लावले असतील तर लेखी हरकत घ्या. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर खर्च अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटायचा असतो. भाड्याने दिला तर बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

प्रश्न : फॉल्स सीलिंगमध्ये स्प्रिंकलर लपवला तर चालेल का? मध्येच लोंबतो, वाईट दिसतो.

अजिबात नाही. त्यातली लाल काचेची कुपी ६८ अंशांना फुटते आणि मग पाणी फवारले जाते. ती सीलिंगच्या वर गेली तर खाली गादी पेटली तरी तिथवर उष्णता उशिरा पोहोचते. स्प्रिंकलर सीलिंगच्या खाली उतरवून घ्यायचा, तोही इमारतीच्या फायर एजन्सीकडून : मजल्याचा व्हॉल्व्ह बंद, लाइन रिकामी, नळी वाढवणे, मग दाब देऊन जोड तपासणे. संध्याकाळी व्हॉल्व्ह परत उघडला आहे हे स्वतः खाली जाऊन पाहा. रंगाऱ्याला कुपीवर कागदाची पुडी बांधायला सांगा आणि रंग झाला की त्याच दिवशी ती काढा. रंग बसलेला स्प्रिंकलर बदलावाच लागतो. दर जानेवारी आणि जुलैत सोसायटीला अग्निसुरक्षेचे 'बी' प्रमाणपत्र द्यावे लागते, त्या तपासणीला तुमच्या घराचे दार उघडे ठेवा.